हेमाबाय, तू गॅसनं गेली नाहीस

बाय, तुझ्या तेराव्याला आलेल्या निम्म्या बायका मला सांगून गेल्या, की मरण यावं तर असं यावं. चालतीबोलती गेली, कुणाकडून काही करून घेतलं नाही. मी नुसती मान डोलवत राहिले, कारण त्या दिवशी भांडायला अंगात त्राण नव्हतं. आता आलं आहे. म्हणून पहिल्यांदा तुलाच सांगते. अठ्ठेचाळीस हे चांगलं मरण येण्याचं वय नव्हे. आणि तू गॅसनं गेली नाहीस.

गॅस हा शब्द भावजींनी आणला. त्यांना मी दोष देत नाही. आदल्या संध्याकाळी तुझा जबडा दुखत होता, डाव्या खांद्यात कळ होती, एकदा उलटी झाली. तू पाण्यात सोडा घालून प्यायलीस आणि म्हणालीस, "वाल बाधले." सकाळी उठून बोंबील वाळत घालायला वाडीत गेलीस. बोंबील टांगायची बांबूंची वलांडी अर्धी भरलीस, शेजारणीला म्हणालीस, "जरा बसते गो," आणि बसलीस ती पुन्हा उठली नाहीस. छातीत दुखलंच नाही तर हार्ट कसं, असं भावजी अजून विचारतात. बायकांना पुष्कळदा छातीत दुखत नाही, जबडा दुखतो, पाठ दुखते, मळमळतं, हे मी त्यांना समजावते. ते शांतपणे ऐकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात.

बाबांच्या वेळीही आपल्याला असाच एक शब्द मिळाला होता. त्यांना दर्यानं नेलं म्हणाले सगळे. पण त्या दिवशी समुद्र शांत होता. बोट बुडाली नव्हती, वारा नव्हता. सुकाणूवर हात ठेवून बसलेला माणूस बसल्याजागी कलंडला आणि बोट सरळ बंदराला आणली बाकीच्यांनी. तरी दर्यानंच नेलं. चाळिशीच्या आतला, सडपातळ, जाळं एकट्यानं ओढणारा माणूस दुसऱ्या कशानं मरेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. पुढं मी बोईसरला राहायला गेले, तर तिथं कुणी तरणा माणूस गेला की लोक कारखान्याच्या धुराला बोल लावत. आपल्या सातपाटीत दर्या आणि बोईसरात धूर. रक्ताचं नाव कुणी घेतलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी पाचवीत होते आणि तू नववीत. तू शाळा सोडलीस आणि आईबरोबर मासळीची पाटी डोक्यावर घेतलीस. मी मात्र शिकायचं, हे कुणी ठरवलं ते मला आजही माहीत नाही. तसं बोलणं आपल्या घरात झाल्याचं मला आठवत नाही. तू फक्त माझं दप्तर कधी कुणाला माळ्यावर टाकू दिलं नाहीस. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा तू पापलेटं घेऊन बोईसरला निघालीस. कंडक्टरनं मासळीला एसटीत चढू दिलं नाही. तू त्याला म्हणालीस, "माझी बहीण मास्तरीण झालीय, तुला कळतंय का?" त्याला कळलं नसावं. तू टेम्पोत बसून आलीस, दुपार टळल्यावर, आणि दारातूनच ओरडलीस, "कालवणाचं वाटण हाय का घरात?" माझ्या सासरची माणसं घाटावरची. पापलेटाचं कालवण त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. तुझ्यासारखं मला अजून जमत नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर मिरवलं असतंस.

मग ती पालघरची डॉक्टरीणबाई आपल्या आयुष्यात आली. मी माझं थकवा-थकवा म्हणून गेले होते. तिनं रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आणि एकदम म्हणाली, "चप्पल काढा, पाय बघू." टाचेच्या वरची जाड शीर तिनं चिमटीत धरली. ती माझ्या दोन्ही पायांना फुगीर होती, मला वाटायचं आपली ठेवणच तशी. तिनं विचारलं, वडील कशानं गेले? मी दर्यानं म्हणाले आणि लगेच मलाच ते वेड्यासारखं वाटलं. तिचा पुढचा प्रश्न होता, भावंडं किती?

तुला तिच्याकडे न्यायला मला फार ओढाताण करावी लागली. तिनं तुझे हात हातात घेतले, बोटांच्या सांध्यांवरच्या गाठी चाचपल्या. तू म्हणालीस, "त्या पाटीच्या हायेत. बर्फात हात घालून घालून आल्यात."

"मावशी, बर्फात हात घालणाऱ्या सगळ्याजणींना आहेत का अशा?"

तू आपल्या गाठींकडे पाहिलंस. "सगळ्यांना नाय."

तुझं रक्त तपासल्यावर तिनं सांगितलं, त्या गाठी साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या आहेत, आणि माझी जाड शीरही त्यानंच. कोलेस्टेरॉल सगळ्यांच्याच रक्तात असतं. जास्तीचं झालं की यकृत ते उचलून घेतं. आपल्या दोघींकडे ते उचलायची सोय जन्मापासूनच अर्धी आहे, कारण आईबापांकडून ज्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, त्यातली वडिलांकडची बिघडलेली आली. तू तिच्याकडे पाहत म्हणालीस, "म्हंजी बंदरात माल तेवढाच उतरतोय, आन हमाल निम्मेच आलेत." डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, अगदी तसंच. मग तू तुझी शंका काढलीस, की मी रोज मासं खाते, तेल नावाला वापरते, माझ्या अंगावर चरबी कुटं हाय? ती म्हणाली, "हे खाण्यातून आलेलंच नाही, मावशी. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही."

आणि मग ती गोष्ट, जिच्यावरून आपलं पुढं दोन वर्षं बिनसलं. मी विचारलं, असं किती जणांना असतं? ती म्हणाली, जगात ठिकठिकाणी मोजलंय, त्यावरून साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला. मी शाळेचा विचार केला. हजार मुलं. म्हणजे सकाळी प्रार्थनेला माझ्यासमोर हात जोडून उभी असलेली तीन-चार तरी. तू म्हणालीस, "एवढ्यांना? मंग कुणाला म्हायती कसं नाय?"

"कारण कुणी बघत नाही. आपल्या किनाऱ्यावर नक्की किती, ते कुणी मोजलेलंच नाही. जिथं पिढ्यान् पिढ्या आपसातच सोयरिकी होतात, तिथं जास्तही असू शकतं. तुमच्या मुलांचं रक्त मात्र आधी तपासा. प्रत्येकाला निम्मी शक्यता."

रिक्षानं परत निघालो. घराजवळ आल्यावर माझा हात धरलास, चांगला दुखेल इतका. "प्राचीचं लगीन होईपर्यंत ह्यातलं कायबी बोलायचं नाय. तिचं रक्तबी काढायचं नाय."

मी तुला किती परींनी सांगितलं! की तुझी लेक तेवीस वर्षांची आहे, आत्ता कळलं तर गोळ्या घेऊन ती म्हातारी होईल. की माझ्या लेकीचं, मुक्ताचं मी तपासून घेतलं, तिला नाही निघालं, प्राचीलाही कदाचित नसेल. की हे गुपित ठेवण्यासारखं नाहीच, इतकं सर्रास आहे, दर दुसऱ्या-तिसऱ्या आळीत एखादं घर सापडेल. तुझं उत्तर ठरलेलं. आपल्या चुलत बहिणीचं लग्न पायावरच्या कोडाच्या एवढ्याशा डागावरून मोडलं, आठवतं ना? "तू शिकलीस, तुला रिपोर्ट कळतो. मना लोकांची तोंडं कळतात."

गोळ्या तू घेतल्यास, मग पाय भरून येतात म्हणून सोडल्यास, मग मी चिडले म्हणून पुन्हा घेतल्यास. डॉक्टरीणबाई गोळी बदलून देते म्हणाली, तर तुला पालघरला यायला सवड नव्हती, कारण प्राचीचा साखरपुडा होता. चिंचणीचं घर. मुलगा निखिल, बोईसरच्या एका कंपनीत नोकरीला, विधवा आईचा एकुलता एक. तुझा आनंद मी पाहिला आहे. तू निळं लुगडं नेसली होतीस आणि सगळ्यांच्या आधी तूच नाचलीस. तू जायच्या आठवड्यात आपण फोनवर पुन्हा भांडलो. मी म्हटलं, लग्नाआधी निखिलला सांगायला हवं. तू म्हणालीस, "सांगितलंस तं माझ्या दारात येऊ नको." आणि फोन ठेवलास. तुझे माझे ते शेवटचे शब्द. मला त्याचं दुःख आहे, पण पश्चात्ताप नाही. रागवायला आपलं माणूस लागतं, आणि तू माझ्यावर हक्कानं रागवायचीस.

तू गेल्यावर मी गप्पच बसणार होते, बाय. मेलेल्या बहिणीचा शब्द मोडायचा धीर माझ्यात नव्हता. बोलली ती प्राची. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, आजोबा आन आई एकाच कारणानं गेली ना? माझं रक्त तपासायला कधी नेतेस?"

तिला सगळं ठाऊक होतं. तुझ्या गोळ्यांची पाकिटं तीच तर आणायची.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पालघरला गेलो. रिपोर्ट तुझ्याइतकाच चढा आला. ती रडली नाही. माझ्या खांद्याला टेकली आणि म्हणाली, चिंचणीला जाऊन सांगायचं. भावजी कासावीस झाले. "हेमानं नको म्हटलं व्हतं." तेव्हा तुझी लेक त्यांना म्हणाली, "आई असती तं मी तिच्याशी भांडली असती, बाबा. आता ती नाय. आता मी माझं बघते." हुबेहूब तुझा आवाज. भावजींनी पायात चपला घातल्या.

तेरावं झालं आणि आम्ही तिघं चिंचणीला गेलो. निखिलच्या आईला, कुंदाताईंना, वाटलं लग्न पुढं ढकलायचं बोलायला आलो. त्यांनी चहा ठेवला. प्राचीनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं, न अडखळता. आईला काय होतं, आजोबांना काय होतं, पायाची मागची शीर कशी जाड होते, आपल्याला काय निघालं. "तुमाला नको वाटलं तं आत्ताच सांगा. मी वाईट वाटून घेणार नाय." मी कुंदाताईंच्या तोंडाकडे पाहत होते, कारण तू मला तेच बघायला शिकवलं होतंस.

कुंदाताईंनी चहा उतरवला. मग म्हणाल्या, "पायाची मागची शीर जाड असते म्हणालीस? कशी, जरा दाखव."

मी पाय पुढं केला. त्यांनी खाली बसून माझी टाच हातात घेतली. बराच वेळ सोडली नाही.

"ह्याच्या बापाची अशीच व्हती," त्या म्हणाल्या. "बूट मागून घासायचा म्हणून टाच मोडून घालायचा. छत्तिसाव्या वर्षी गेला. कामावरून आला, पाणी मागितलं, मी पाणी घेऊन आले तवर संपलेला."

निखिलनं आपल्याच पायाकडे पाहिलं आणि पाहून पटकन नजर वळवली.

त्याचा रिपोर्ट चार दिवसांनी हातात आला. त्यालाही आहे, बाय. तुझ्या लेकीला आणि तुझ्या जावयाला, दोघांनाही. तू म्हणाली होतीस तसं गप्प बसून लग्न लावलं असतं, तर ही दोघं काही न कळता संसाराला लागली असती. भावजी, कुंदाताई, मी, सगळेच पालघरला गेलो, आणि डॉक्टरीणबाईनं दोघांना समोर बसवून सावकाश समजावलं. दोघांनाही एकेक बिघडलेली प्रत असेल, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता की दोन्ही बिघडलेल्याच येतील. तसं मूल फार लवकर आजारी पडतं, शाळेच्या वयातही हृदयाचा झटका येऊ शकतो. आधी मुंबईला जनुकाची तपासणी करून घ्या, मग मूल होऊ देण्याआधी माझ्याकडे या, मार्ग आहेत. तिनं काही लपवलं नाही आणि घाबरवलंही नाही.

प्राचीनं विचारलं, "लगीन करू नये असं म्हणता का तुमी?"

"मी तसं म्हणणारी कोण? जे कराल ते माहीत असून करा, एवढंच."

दोघं बाहेर जाऊन झाडाखाली उभी राहिली. काय बोलली ते मी विचारलं नाही. आत आल्यावर निखिल म्हणाला, "आमी लगीन करणार. पोरांचं पुढं तपासून ठरवू. नाय झाली तं नाय." भावजी तोंडाला रुमाल लावून रडायला लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

पण मला तुला सांगायचं आहे ते कुंदाताईंचं. सगळे उठले तरी त्या खुर्चीवरून हलेनात. डॉक्टरीणबाईला म्हणाल्या, "एक विचारू? हे ह्याच्या बापाला कधीपासून व्हतं?"

"जन्मापासून."

"म्हंजी माझं लगीन व्हायच्या आदीपासून?"

"हो. कितीतरी आधीपासून."

"माझी सासू मरेपर्यंत म्हणत व्हती, हिच्या पायगुणानं माझा पोरगा गेला. लग्नाकार्यात मला मागं बसवायचे. पोराच्या साखरपुड्यालाबी मी मागंच बसले व्हते, ह्यांच्या लक्षातबी आलं नसंल." त्यांनी पदर नीट केला. "म्हंजी मी नाय खाल्ला त्याला."

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. "नाही. तुम्ही काहीच केलं नाही."

तू लोकांच्या तोंडाला भीत होतीस ना बाय, ते उगीच नव्हतं. त्याच तोंडांनी एका बाईला वीस वर्षं मागं बसवलं. पण ती तोंडं बंद करायला गप्प बसून चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी बाहेर आल्यावर कुंदाताईंना म्हटलं, आपण तपासणी ठेवूया. आधी सातपाटीत, मग तुमच्याकडे. त्या म्हणाल्या, "कदी?"

सगळे असे निघाले नाहीत. आपल्याच काकूनं निरोप पाठवला, की मेलेल्या बहिणीची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस, आमच्या पोरी अजून उजवायच्या आहेत. त्यांच्या घरी मी जाऊन आले. मला दारातच उभं ठेवलं. मी दारातूनच बोलले. पुन्हा जाईन. शाळेतही मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले आहे. पालकसभेत दहा मिनिटं मागितली आहेत. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, एवढंच विचारायचं आहे. पुढं कुठं जायचं ते मी सांगेन.

गेल्या रविवारी सातपाटीत मच्छीमारांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणी ठेवली. पालघरहून रक्त घेणारी मुलं आली, डॉक्टरीणबाई आली, कुंदाताई चिंचणीहून पहाटेच्या गाडीनं आल्या. डॉक्टरीणबाईनं मला आधीच बजावून ठेवलं होतं, की जे येतील ते बहुतेक घरी असं काही घडलेलेच येतील, तेव्हा ह्यावरून गावाचा आकडा काढू नका. आकड्याची चिंता नव्हतीच. कारण कुणी आलंच नाही. खुर्च्या रिकाम्या. बाहेर दोन माणसं डोकावली आणि निघून गेली. प्राची दाराशी उभी होती, तिचा चेहरा मला बघवेना.

तेव्हा मला सुचलं, की आज बोटी लागल्यात, सगळ्याजणी बाजारात असणार. मी एकटीच निघाले. मासळीबाजारात तुझी जागा अजून कुणी घेतलेली नाही. तिथं, तुझ्या रिकाम्या जागेवर उभी राहिले आणि वर्गात बोलते त्याच्या दुप्पट आवाजात बोलले. "माझी बहीण हेमा हृदयविकारानं गेली. आमचे वडीलही त्यानंच गेले. तो आमच्या रक्तातून आलाय. मला आहे, तिच्या लेकीला आहे, होणाऱ्या जावयालाही आहे. तो फक्त आमच्याच घरात आहे असं मी धरून चालत नाही. तुमच्या घरात कुणी असं अचानक गेलं असेल, तर हॉलमध्ये या."

बाजार गप्प झाला. आपला बाजार गप्प झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. कुणी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, आटोपलं सगळं.

तुझ्या शेजारी बसणारी जनाबाई सरंगा कापत होती. तिनं कोयती बाजूला ठेवली.

"माझा भाऊ गेला," ती म्हणाली. "बत्तीस वर्साचा. क्रिकेट खेळताना. आमी म्हटलं, ऊन लागलं." मग माझ्यावर डाफरली, "हे आदी का नाय सांगितलंस?"

"बायनं सांगू दिलं नाही."

"तशीच व्हती ती." तिनं डोळे पुसले, मासळीवर ओलं फडकं टाकलं, पलीकडच्या बाईला म्हणाली, "माज्या पाटीवर ध्यान ठेव." मग पुन्हा माझ्याकडे वळली. "चहा घेतलाय मी. रक्त द्यायला चालंल का?"

"चालेल."

"मंग चल. भावाची दोन पोरं हायेत, त्यांनाबी वाटेत उठवून घेऊ."